नसलेल्या चावडीपाशी डावीकडं

सन दोन हजार चोवीस. माझं वय शाळेच्या दाखल्यावर एकाहत्तर, आधार कार्डावर चौऱ्याहत्तर, आणि खरं किती ते फक्त आईला ठाऊक होतं. ती एवढंच सांगून गेली की तू भाताच्या झोडणीत झालास. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असायचं आणि उन्हाळ्यात मला काम असायचं.

त्या मे महिन्यात माझ्या नातीचं लग्न ठरलं होतं. मुलगा सारोळ्याचा, पुण्यात कंप्युटरवर कामाला. मुलगा चांगला. सिगरेट नाही, तंबाखू नाही, उलट उत्तर नाही. इतका चांगला की मला दोन दिवस झोप आली नाही.

आमच्या वेळी लग्नाआधी नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड पाहिलं तरी बायका आठ दिवस चघळायच्या. आता लग्नाआधी दोघांचा अख्खा सिनेमाच काढतात आणि लग्नात पंगतीपुढं मोठ्या पडद्यावर लावतात. लोकांनी जिलेबी खात खात बघायचा. याला प्रीवेडिंग म्हणतात. नातीला ते वाळवंटात हवं होतं. राजस्थानात म्हणे शर्यतीत पळणारी गाडी भाड्यानं घेऊन लोक वाळूतनं फिरवतात, तसला कुणाचा तरी व्हिडिओ तिनं मोबाईलवर बघितला होता. पण होणाऱ्या जावयाला सुट्टी मिळाली एक दिवस, आणि एका दिवसात राजस्थानला फक्त विमान जातं.

तोड काढली फोटोवाल्यानं. हा मूळ वेल्ह्याचा, पण स्टुडिओ पुण्यात, त्यामुळं वेल्हे म्हणताना जरा लाजायचा. तो म्हणाला, हिर्डोशीच्या अंगाला धरण आटलंय, गाळ सगळा भेगाळून पडलाय, कॅमेऱ्यातनं वाळवंटच दिसेल.

ते वाळवंट म्हणजे आमचं गाव.

आमचं जुनं गाव धरणाच्या पोटात आहे. पाणी चढलं तेव्हा बरीच घरं खाली फलटणकडं गेली, आम्ही पाच-सहा घरं वर डोंगराला सरकलो. उन्हाळ्यात पाणी हटलं की देवळाचा चौथरा वर येतो, मग घरांची जोती येतात, आणि मागं राहिलेल्या ओल्या गाळात ज्याला जमेल तो भुईमूग नाहीतर काकडी पेरतो. त्याला आम्ही गाळपेर म्हणतो. सरकारनं आम्हाला धरणग्रस्त केलं होतं, फोटोवाल्यानं वाळवंट केलं. बढतीच म्हणायची.

आता धाकट्याचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. त्याचं घर माझ्या घरापासून चौथं. आमचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं, एका आंब्यावरनं. आंबा जुन्या गावात होता, धरणात गेला. मोजणीच्या वेळी तो सरकारी कागदावर धाकट्याच्या नावानं लागला होता, ते मला नऊ वर्षांपूर्वी मोबदल्याचे कागद हाती आले तेव्हा कळलं. मला आंबा नको होता, पैसा नको होता, त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं की लावला थोरल्यानं. तो म्हणाला, लावला मी, तू नुसतं पाणी घातलंस. झालं. ज्या झाडाची फांदी आता मासासुद्धा ओळखत नाही, त्याच्यावरनं दोन म्हातारे नऊ वर्षं एकाच वाटेनं तोंडं फिरवून जात होते. माझ्या शहाणपणाबद्दल गावात कुणाला शंका असेल तर ती याच्यामुळं.

साखरपुडा झाला त्या दिवशी नात माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, एक मागू?"

"माग."

"लग्नात धाकटे आबा पाहिजेत. अक्षत घेऊन तुम्ही जायचं."

आमच्या भावकीत थोरल्यानं स्वतः दारात जाऊन पत्रिकेवर अक्षता ठेवून दिली, तरच धाकटा मांडवात येतो. पोराच्या हाती धाडली तर पत्रिका भिंतीला खोचली जाते आणि माणूस घरात बसतो. हे धाकट्याला ठाऊक, मला ठाऊक, पोरीलाही ठाऊक.

"तुझा बाप जाईल," मी म्हणालो.

"मग धाकटे आबा येणार नाहीत."

"न्हाई आला तर एक पान कमी."

ती उठून गेली. लहानपणी तिला धाकट्याच्या बैलांवर बसायची सवय होती. आमचं बोलणं बंद झालं तेव्हा ती सवय मी मोडली होती. ते ती बोलली नाही. पण उठताना तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पान लावायला घेतलं आणि चुना दोनदा लावला.

तर गाडी. जावयानं पुण्यातनं एका दिवसाच्या बोलीवर आणली. पिकल्या लिंबासारखी पिवळी, आणि बसकी इतकी की कुणीतरी वरनं पाट्यानं दाबल्यासारखी. इंजिन मागं आणि सामानाची जागा पुढं. सामानाची जागा म्हणजे एक कांद्याचं पोतं सोडा, पोत्यातले कांदे निवडून ठेवले तरी बसले नसते. आत माणसं दोन. एवढ्या किमतीत आमच्याकडं विहीर, पंप, चार म्हशी आणि वर एका पोरीचं लग्न होतं, आणि म्हशी दूध देतात.

भोरपासून वर यायला एस.टी.ला तासभर लागतो. ही गाडी ताशी अडीचशे पळते असं फोटोवाल्यानं मला तीनदा सांगितलं. तिला अडीच तास लागले. प्रत्येक गतिरोधकाला जावई थांबायचा, खाली उतरायचा, वाकून गाडीचं पोट बघायचा, मग परत बसून गाडी तिरपी करून एकेक चाक पलीकडं टाकायचा, दगडावरनं म्हातारी उतरवतात तसं. एस.टी.नं तिला एका फेरीत मागं टाकलं, आणि परतीच्या फेरीत ती तिला पुन्हा समोरनं येताना दिसली. कंडक्टरनं वाकून विचारलं म्हणे, "ढकलू का?"

गाळ न्यायला ट्रॅक्टर उतरतात त्या वाटेनं गाडी कशीबशी खाली आली. काठाकाठानं मुरूम आहे, तिथं काही अडलं नाही. नात घागरा घालून आली होती, वाऱ्याला ओढणी सोडून उभी राहिली. जावई गाडीला टेकून लांब बघत होता. काय बघत होता विचारलं तर म्हणाला, "काही नाही आबा, असं बघायला सांगितलंय."

फोटोवाल्यानं माझ्यासाठी पिशवीतनं एक रंगीबेरंगी पागोटं काढलं. "आजोबा, हे घाला आणि काठी धरून मागं बसा. वाळवंटातले बाबा वाटाल."

"म्या हितलाच वाटतो का न्हाई?"

"वाटता ना, तोच तर प्रॉब्लेम आहे."

मी टोपी घट्ट केली. ती पागोट्यासाठी उतरणार नव्हती. पागोटं शेवटी गाडीच्या आरशावर घातलं. शोभलं.

मग फोटोवाल्याला भेगा हव्या झाल्या. मोठ्या भेगा मधोमध, जुन्या गावाच्या पलीकडं. तिथवर गाडी न्यायची तर गाळातनं. मी म्हणालो, "गाळातनं कशाला? गावाचा रस्ता हाय की. खाली दगड बसवल्यात. म्या स्वतः वाहिल्यात."

आमचा जुना रस्ता देवळापासून निघून चावडीपाशी डावीकडं वळायचा आणि सुताराच्या दारावरनं नदीला जायचा. खाली हातानं बसवलेले दगड, एवढं पाणी वरनं गेलं तरी हलले नव्हते. देवळाच्या पुढं थोडा रस्ता उघडा दिसतही होता.

धाकटा तिथंच होता. त्याची गाळपेर देवळाच्या खालच्या अंगाला, भुईमूग उपटत होता. बैलजोडी चौथऱ्याला बांधलेली. आता आमच्याकडं बैल कुणी ठेवत नाही, त्यानं ठेवलेत. मी विकले म्हणून त्यानं ठेवले असावेत. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि बैलांना म्हणाला, "शहाण्याला सांगा रं कुणीतरी. सुताराच्या दारापुढं ह्या साली गाळ लई बसलाय. वरनं पापड, खाली खीर."

मी नातीकडं बघून म्हणालो, "त्याला सांग, सुताराचं दार कुठं व्हतं ते मला ठावं हाय. मी तिथं नांगराला फाळ बसवायला जायचो, तवा ह्याचं नाक वाहायचं."

"दार पिंपळाच्या खालच्या अंगाला व्हतं," धाकटा बैलांना म्हणाला.

"वर," मी नातीला म्हणालो.

"खाली."

"वर!"

पिंपळ नव्हता, दार नव्हतं, सुतार फलटणला जाऊन वारलाही होता. जावई बिचारा तिथं कुठं तरी पिंपळ दिसतो का बघत होता.

"आबा, रिस्क नको," तो म्हणाला.

"आरं मी बसतो की संगं. रस्ता मी दावतो."

आता हा शब्द तोंडातनं गेला आणि धाकट्यानं ऐकला. त्यानंतर तो परत घेणं माझ्या हातात राहिलं नाही.

गाडीचं दार उघडलं तर बैठक माझ्या गुडघ्याखाली. त्यात बसता येत नाही, आत पडावं लागतं. मी पडलो. धोतराचा सोगा बाहेर राहिला, तो नातीनं आत कोंबला. जावयानं माझ्या छातीवरनं पट्टा ओढला.

"मला का बांधतोस? म्या पळून चाललोय व्हय?"

"नियम आहे, आबा."

काचेतनं समोर नुसता गाळ आणि आकाश. जमीन इतकी जवळ की हात काढला असता तर भुईमूग उपटता आला असता. गाडी गुरगुरायला लागली, पण चालली मुंगीसारखी.

"देवळापासनं सरळ," मी म्हणालो. "हं. आता चावडी आली. चावडीपाशी डावीकडं घे."

"कुठली चावडी, आबा?"

"ही काय."

"इथं काहीच नाहीये."

"आत्ता न्हाई. पण वळण तिचंच हाय. सावकाश घे, हितं कोंबड्या आडव्या येत्यात."

त्यानं खरंच ब्रेक दाबला. त्या एका ब्रेकासाठी मी मनातल्या मनात पोरगी दिली त्याला. मग तोही विचारायला लागला, "आबा, उजवीकडं काय आहे?" मी म्हणालो, "उजवीकडं आपलं घर. हा ओटा. हॉर्न वाजीव." त्यानं वाजवला. तिकडं काठावरचे बगळे उडाले.

सुताराच्या दारापुढं आलो आणि पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

आधी मागची बाजू बसली. जावयानं जोर दिला, तशी ताशी अडीचशेची सगळी ताकद मागच्या दोन चाकांत आली आणि त्यांनी खीर ढवळली. मागनं चालत येणाऱ्या फोटोवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत आमचं गाव लागलं. गाडी पोटावर टेकली. सकाळपासून तिला टेकायचंच होतं.

मला आतनं बाहेर काढायला दोघे लागले.

जावयानं गाडीवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, गाडी डांबरी रस्त्यावरच चालवायची असं लिहून घेतलंय, तुम्ही आहात कुठं? जावई इकडंतिकडं बघत म्हणाला, "गावातल्या रस्त्यावर." मी मान डोलावली. खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गाडी परत पोचायला हवी होती आणि त्यांचा उचलायचा ट्रक डांबर सोडून खाली उतरणार नव्हता. वरच्या वाडीतला ट्रॅक्टरवाला बोलावला. तो काठावर उभा राहिला, बघितलं, तंबाखू मळली, म्हणाला, "माझा बी रुतंल. मग त्याला कोण काढंल?" आणि तंबाखू टाकून गेला.

नात आमच्याच घराच्या जोत्यावर घागरा गोळा करून बसली होती. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, आवाज चढवला असता, सगळा दोष धरणावर घातला असता. भांडायला मला कुणी काही दिलंच नाही.

बैल एकट्या धाकट्याकडं होते. तो भुईमुगाच्या शेंगा झाडत होता, पाठ माझ्याकडं. त्याला सगळं दिसलं होतं आणि तो एकदाही हसला नव्हता. नऊ वर्षांत त्यानं माझ्याशी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती.

मी गेलो आणि बैलांपुढं उभा राहिलो.

"काय रं पांढऱ्या," मी म्हणालो, "येता का जरा? एक गाडी रुतलीया."

धाकटा शेंगा झाडत राहिला. "पांढऱ्या, तुला कुणी नीट विचारलं का?"

"नीट म्हंजे कसं असतंय रं? पाया पडू का बैलाच्या?"

"पाया नको म्हणावं. सुताराचं दार खालच्या अंगाला व्हतं, एवढं कबूल कर म्हणावं."

"मरंन, पर तसं म्हणायचो न्हाई."

"मग बैल बी दमल्यात."

"सकाळधरनं बांधून हायत, दमल्यात कशानं? तुझी बडबड ऐकून?"

हे मी बैलालाच म्हणालो. पण बैलानं काय समजायचं ते समजलं असावं, त्यानं मान फिरवली.

नात केव्हा उठून आली कळलं नाही. तिनं चौथऱ्याचा दोर सोडला, दोन्ही कासरे हातात घेतले. "तुम्ही दोघं बैलांशी बोलत बसा," ती म्हणाली, "मी बैल घेऊन जाते."

"अगं लाथ मारंल!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो. मग एकमेकांकडं बघायचं चुकवत तिच्या मागं धावलो. घागरा गाळातनं फरफटत होता, बैल तिच्या मागं शेळीसारखे. तिला ते ओळखत होते.

गाडीला दोर बांधायला कुठं जागाच नाही. नुसता रंग आणि गुळगुळीतपणा. शेवटी जावयाला पुढच्या खणात एक लोखंडी कडी सापडली, ती मागच्या बाजूला पिळून बसवायची असते. धाकट्यानं दोन दोर जोडले, बैल गाडीच्या मागं टणक जागी उभे केले, चाकांखाली भुईमुगाचा पाला घातला. स्वतःचा पाला, गुरांसाठी ठेवलेला. मी मागनं म्हणालो, "पाला आडवा घाल." त्यानं आडवा घातला. ऐकून घातला की आपोआप, ते विचारणार कोण?

बैलांनी पहिल्या ओढीला नुसतं माप घेतलं. दुसऱ्या ओढीला गाडी सुताराच्या दारातनं म्हशीच्या रेडकासारखी उलटी बाहेर आली, आणि तशीच आमच्या ओट्यावरनं, चावडीवरनं देवळापर्यंत. जावई आत बसून चाक धरून होता, आणि वळणावर त्यानं पुन्हा हॉर्न वाजवला.

फोटोवाल्यानं, अंगावर चिखल तसाच, हे सगळं ड्रोननं वरनं टिपलं होतं. आम्हाला त्यानं छोट्या पडद्यावर दाखवलं. मी आणि धाकटा दोघंही वाकलो, तर टाळकी एकमेकांवर आपटली. पडद्यावर गाव होतं. वरनं, घारीला दिसावं तसं. जोत्यांचे चौकोन, देवळाचा मोठा चौकोन, आणि केसातल्या भांगासारखा रस्ता.

"ही चावडी," धाकटा पडद्याला म्हणाला.

"हा आपला गोठा," मी पडद्याला म्हणालो.

गोठ्यामागं एक काळा ठिपका होता. आंब्याचं खोड. त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

रस्ता चावडीपाशी डावीकडं वळत होता. मग सुताराच्या दाराच्या अलीकडं गाळात बुडून दिसेनासा होत होता. फोटोवाल्यानं विचारलं, "मग दोघांत बरोबर कोण?"

धाकट्यानं बैल सोडले. मी टोपी झटकली. गाडी धरणाच्या उरल्या पाण्यानं धुऊन पुण्याला गेली आणि दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेऊन घरातनं निघालो. निघताना कोनाड्यातली हळदकुंकू लावलेली एक पत्रिका आणि कागदाच्या पुडीतल्या अक्षता बंडीच्या खिशात गेल्या. गेल्या असंच म्हणतो मी, ठेवल्या म्हणत नाही. गाडी रुतली होती तिथं पोचलो, तर खड्ड्यात धाकटा आधीच गुडघ्यावर बसून कुदळीनं उकरत होता. त्यानं वर बघितलं. मी खाली उतरलो. आम्ही आळीपाळीनं उकरलं, मी पहारीनं, तो कुदळीनं, आणि मांडीएवढ्या खोलीवर पहार खणकन वाजली. चिखल हातानं पुसला. बसवलेला दगड होता, शेजारी दुसरा.

"रस्ता हितंच व्हता," मी त्याला म्हणालो. बैल जवळ नव्हते.

"गाळ बी हितंच व्हता," तो मला म्हणाला.

मी धोतराला हात पुसून पत्रिका काढली, वर अक्षता ठेवल्या आणि त्याच्या पुढं धरली. पुसूनसुद्धा माझी चार बोटं तिच्यावर उमटली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि चष्मा नसल्यामुळं उलटी धरून वाचली.

"आन् आंब्याचं?" तो म्हणाला.

"लगीन होऊ दे. मग भांडू."

तो पत्रिका सांभाळत वर चढला. नेहमीसारखा उकरून मोकळा झाला, म्हणून खड्डा मग मी एकट्यानं बुजवला.